सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही: अधूनमधून होणारा दोष कसा शोधावा

चावी फिरवली की सेल्फ जोमाने फिरतो, इंजिन घरघरत राहते, पण उचलत नाही. आणि अर्ध्या तासाने, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, तीच गाडी पहिल्याच सेल्फला काहीच घडले नसल्यासारखी सुरू होते. नवख्या मालकाला सर्वांत जास्त खर्चात पाडणारा हा दोष आहे, असे माझे मत आहे. गाडी गॅरेजपर्यंत नेली की ती तेथे निमूट सुरू होते, मिस्त्रीला दोष दिसत नाही आणि मग अंदाजाने भाग बदलणे सुरू होते: आधी बॅटरी, मग प्लग, मग पेट्रोल पंप. प्रत्येक भाग बदलल्यावर गाडी सुरू होतेच, कारण ती तशीही सुरू होणारच होती. त्यामुळे बदललेल्या भागाने दोष गेला की तो नुसता दडून बसला आहे, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुढील सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे: अधूनमधून होणारा दोष तो हजर असतानाच तपासावा लागतो. त्या वेळी गाडीजवळ मिस्त्री नसतो, मालक असतो. गाडी अडून बसलेल्या त्या दहा-पंधरा मिनिटांत काय पाहायचे, काय ऐकायचे आणि काय मोजायचे हे आधी ठरलेले असेल, तर यंत्राचे फारसे ज्ञान नसलेल्या माणसालाही दोष दोन-तीन भागांपर्यंत आणून ठेवता येतो. पुढचे काम मिस्त्री करील.

प्रथम दोष नेमका ओळखावा. चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ असा आवाज येत असेल, किंवा सेल्फ रडत-रडत फिरून डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील, तर तो बॅटरी, टर्मिनल किंवा खुद्द सेल्फचा प्रश्न आहे आणि त्याची तपासणी वेगळी असते. सेल्फ नेहमीपेक्षा एकाएकी जास्त वेगाने, चढउतार नसलेल्या सलग आवाजात फिरू लागला, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि पुन्हा सेल्फ न मारता गाडी उचलून न्यावी. मात्र तुटलेला बेल्ट अर्ध्या तासाने आपोआप जुळत नाही, म्हणून अधूनमधून होणाऱ्या दोषात तो सहसा नसतो. आपला विषय आहे नेहमीच्याच वेगाने फिरणारा सेल्फ आणि तरीही न पेटणारे इंजिन.

सुरू होताना इंजिनाला काय लागते

इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चावी ‘ऑन’वर गेली की मेन रिले, म्हणजे विजेनेच चालू-बंद होणारा मुख्य स्विच, इंजिनाच्या संगणकाला, म्हणजे ईसीयूला, वीज पोहोचवतो. चावी खरी आहे याची इमोबिलायझर खातरजमा करतो. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद चालून पेट्रोलच्या नळीत दाब तयार करतो. बहुतेक गाड्यांत हा दाब ३ ते ४ बार असतो. सेल्फ फिरू लागला की इंजिन मिनिटाला साधारण २०० ते ३०० फेरे घेऊ लागते आणि क्रँकशाफ्टवरच्या दातेरी चाकाचे दात क्रँक सेन्सरसमोरून सरकू लागतात. पुष्कळ गाड्यांत या चाकावर ६० दातांची जागा असते, पण दात ५८ असतात. दोन दातांची ती मुद्दाम ठेवलेली खिंड सेन्सरसमोरून कधी गेली यावरून ईसीयूला पिस्टन कोठे आहे ते कळते. हे कळल्यावरच तो प्लगला ठिणगी देतो, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर उघडतो आणि पंपाला पुढे चालू राहण्याचा हुकूम देतो.

या शेवटच्या वाक्यात पुष्कळांच्या खिशाला चाट लावणारी एक गोष्ट दडलेली आहे. क्रँक सेन्सरचा संदेश आला नाही तर ठिणगी थांबते, इंजेक्टर थांबतात आणि सेल्फ मारत असताना पंपही थांबतो. अशा वेळी कोणी फक्त पंपाची वायर तपासली, तर सेल्फ मारताना तेथे करंट नाही असे दिसते आणि दोष पंपाच्या किंवा त्याच्या रिलेच्या माथी मारला जातो. माझ्या जुन्या छोट्या गाडीच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. मुंबईहून चिपळूणला जाताना, बोगदा होण्यापूर्वीचा कशेडी घाट चढून-उतरून खेडला चहाला थांबलो की गाडी हटकून अडून बसे आणि पाऊण तासाने निमूट सुरू होई. एका गॅरेजने पंप बदलला, दुसऱ्याने बॅटरी. दोष होता बोटाएवढ्या क्रँक सेन्सरचा, आणि तो सापडला तो चहाच्या टपरीसमोर, गाडी अडलेली असताना. त्याची हकिगत पुढे येईलच.

पहिली पायरी: गाडी ठीक असताना तिच्या सवयी जाणून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ऐन वेळी जे दिसते ते नेहमीचे आहे की वेगळे, हे त्यांना ठरवता येत नाही. म्हणून गाडी व्यवस्थित चालत असतानाच एका शांत सकाळी काही गोष्टी पाहून ठेवाव्यात. चावी फक्त ‘ऑन’ करावी, सेल्फ मारू नये. बटणाच्या गाडीत ब्रेक किंवा क्लच न दाबता बटण दोनदा दाबले की बहुधा हीच स्थिती येते. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागतो का, चावीचे किंवा कुलपाचे चित्र असलेला दिवा किती सेकंदांनी विझतो, मागच्या सीटखालून पंपाची बारीक गुणगुण ऐकू येते का, हे नोंदवून ठेवावे. नंतर सेल्फ मारताना आरपीएमच्या, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणाऱ्या, काट्याकडे पाहावे. काही गाड्यांत इंजिन पेटण्यापूर्वीच काटा किंचित उचलतो, तर काही गाड्यांत इंजिन ठीक असूनही उचलत नाही. आपल्या गाडीची रीत कोणती, हे आधी माहीत असले तरच अडलेल्या वेळी काट्यावरून काही बोध होतो.

याच वेळी फ्यूज बॉक्सच्या झाकणामागील नकाशाचा मोबाइलवर फोटो घ्यावा आणि पंपाचा फ्यूज, पंपाचा रिले व मेन रिले कोठे आहेत ते ओळखून ठेवावे. डिकीत एक साधा डिजिटल मल्टीमीटर, टॉर्च, वायरीत करंट आहे का ते दाखवणारा टेस्ट लॅम्प, दोन-तीन सुटे फ्यूज, पंपाच्या रिलेसारखाच एक सुटा रिले आणि दुसरी चावी ठेवावी. ब्लूटूथवर मोबाइलला जोडला जाणारा, ईसीयूमधील माहिती वाचणारा ओबीडी स्कॅनर या दोषासाठी फार कामाचा आहे. डॅशबोर्डखाली, बहुधा ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ, १६ पिनांचे सॉकेट असते, त्यात तो बसतो. गाडी ठीक असताना तो एकदा जोडून, सेल्फ मारताना मोबाइलवर आरपीएम किती दिसतात ते पाहून ठेवावे.

दुसरी पायरी: वही

प्रत्येक प्रसंगाची नोंद त्याच दिवशी करावी. इंजिन थंड होते की तापलेले, बंद करून किती मिनिटे झाली होती, टाकीत पेट्रोल किती होते, पाऊस होता का, गाडी चढावर उभी होती की सपाटीवर, कोणती चावी वापरली, कोणते दिवे लागले, पेट्रोलचा वास आला का आणि शेवटी गाडी कशी सुरू झाली, एवढे लिहावे. शेवटची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. नुसते थांबल्याने सुरू झाली, चावी तीन-चार वेळा ‘ऑन-ऑफ’ केल्याने सुरू झाली, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्याने सुरू झाली की दुसऱ्या चावीने सुरू झाली, यातील प्रत्येक उत्तर वेगळ्या भागाकडे बोट दाखवते.

चार-पाच नोंदी झाल्या की आकृती दिसू लागते. तापलेल्या इंजिनावर थोडा वेळ थांबल्यानंतरच दोष येत असेल, तर उष्णतेने बिघडणारा भाग शोधावा. इंजिन बंद केल्यावर पाण्याचे फिरणे थांबते, पंखाही थांबतो आणि लोखंडातली उष्णता बोनेटखाली साचते. म्हणून बंद केल्यानंतरच्या दहा ते तीस मिनिटांत सेन्सरभोवतीचे तापमान चालत्या गाडीपेक्षाही वाढते. खेडच्या चहाचे कोडे हेच होते. रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी त्रास होत असेल, तर नळीतला दाब रात्रीतून उतरणे, तापमानाच्या सेन्सरची चुकीची वार्ता किंवा ओल यांकडे पाहावे. उन्हात उभ्या केलेल्या गाडीची केबिन तापल्यावर दोष येत असेल, तर डॅशबोर्डखालचा रिले संशयित ठरतो. १९९० च्या दशकातील होंडाच्या गाड्यांमध्ये मेन रिलेच्या आतील डाख भेगाळून नेमके हेच होत असे, आणि खिडक्या उघडून केबिन थंड केली की गाडी सुरू होई. खड्ड्यांतून गेल्यावर, वळणावर किंवा कोणत्याही वेळी, काहीच सूत्र न पाळता दोष येत असेल, तर सैल कप्लर (वायरींचा जोड), गंजलेली अर्थिंग किंवा उंदराने कुरतडलेली वायर शोधावी.

तिसरी पायरी: गाडी अडली, आता काय

आधी सुरक्षितता. गाडी रस्त्याच्या कडेला, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये असावी. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण सेल्फची मोटर तापते, बॅटरी उतरते आणि न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पुढे त्याचे नुकसान करते. धक्का मारून सुरू करण्याचा मोहही याच कारणाने टाळावा. ऑटोमॅटिक गाडीत तर तसे करताच येत नाही. बॅटरीचे टर्मिनल काढून पुन्हा लावण्याचा सल्ला आजूबाजूचे लोक हमखास देतात. तो ऐकू नये, कारण त्याने ईसीयूच्या स्मृतीत नोंदलेले दोषांचे कोड पुसले जाण्याची शक्यता असते आणि आपण जे शोधत आहोत तेच हरवते. मोबाइलवर चित्रण मात्र जरूर सुरू करावे: डॅशबोर्ड दिसावा आणि सेल्फचा आवाज नोंदला जावा.

आता चावी ‘ऑन’ करून दिव्यांकडे पाहावे. चेक इंजिनचा दिवा एरवी लागतो आणि आज लागलेलाच नाही, तर ईसीयूला वीजच मिळत नसण्याची शक्यता मोठी आहे. मेन रिले, त्याचा फ्यूज, चावीच्या कुलपामागचा इग्निशन स्विच आणि ईसीयूची अर्थिंग हे चार संशयित उरतात. इग्निशन स्विचचा एक खास प्रकार लक्षात ठेवावा. त्याचे आतले संपर्क झिजले की चावी सेल्फच्या जागी असताना इग्निशनचा करंट तुटतो आणि चावी सोडून परत ‘ऑन’वर येताना क्षणभर जुळतो, त्यामुळे इंजिन नेमके चावी सोडतानाच पेट घेऊ पाहते. बाहेरून बसवलेला अलार्म, रिमोट लॉक किंवा जीपीएस यंत्र याच वायरीत सांधे करून जोडलेले असते. टेप गुंडाळून केलेले ते सांधे दोन-तीन वर्षांत सैल होतात, म्हणून असे काही बसवलेले असेल तर पहिला संशय त्यावर घ्यावा.

दिवा ठीक असेल, तर चावीच्या चित्राकडे पाहावे. तो दिवा नेहमीसारखा विझण्याऐवजी लुकलुकत राहिला, किंवा इंजिन एक-दोन सेकंद पेटून लगेच बंद पडले, तर इमोबिलायझरने चावी ओळखलेली नाही. चावीच्या मुठीत एक चिप असते आणि कुलपाभोवतीचे वेटोळे ती वाचते. एकाच जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी असेल, किंवा धातूचे जाडजूड किचेन चावीला टेकत असेल, तर वाचनात अडथळा येऊ शकतो. चावी सुटी करून आणि मग दुसरी चावी घेऊन पाहावे. दुसऱ्या चावीने दोष कधीच येत नसेल तर काम तेथेच संपले.

नंतर कान द्यावा. रेडिओ आणि पंखा बंद करून, काचा वर घेऊन चावी ‘ऑन’ करावी, आणि मागच्या सीटखालची ती दोन सेकंदांची गुणगुण येते का ते ऐकावे. गुणगुण आली तर फ्यूज, रिले आणि पंपाची मोटर निदान त्या क्षणी जिवंत आहेत. आली नाही, तर थोडा वेळ चावी बंद ठेवून पुन्हा पाहावे, कारण लागोपाठ ‘ऑन’ केल्यावर काही गाड्या पंप दर वेळी चालवत नाहीत.

आणि आता सर्वांत महत्त्वाची चाचणी: सेल्फ मारत असताना आरपीएम. स्कॅनर जोडून मोबाइलवर चालू माहिती उघडावी आणि सोबतच्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. इंजिन फिरत असताना आरपीएम २०० च्या आसपास दिसले, तर क्रँक सेन्सरचा संदेश ईसीयूपर्यंत पोहोचत आहे. इंजिन खडखडीत फिरत आहे आणि आकडा शून्यावर चिकटलेला आहे, तर ईसीयूच्या लेखी इंजिन थांबलेलेच आहे, आणि दोष क्रँक सेन्सर, त्याचा कप्लर किंवा त्याची वायर यांत आहे. स्कॅनर नसेल तर डॅशबोर्डवरचा काटा पाहावा, मात्र ठीक असताना तो उचलत होता हे माहीत असेल तरच त्यावर विसंबावे. कोडही वाचावेत. पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा, पी०३४० हा कॅम सेन्सरचा, पी०२३० हा पंपाच्या विद्युत मार्गाचा. पण कोड नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असे कधीही मानू नये, कारण संदेशच न आल्यास इंजिन फिरत नाही असे समजून कित्येक ईसीयू कोड नोंदवतच नाहीत. माझ्या गाडीने तीन वेळा अडूनही एकदाही कोड दिला नव्हता.

क्रँक सेन्सर

या दोषात मी ज्या भागाला सर्वांत जास्त वेळ देईन तो हा. सेन्सर बहुधा खाली क्रँकच्या पुलीजवळ किंवा गिअरबॉक्सच्या जोडावर, फ्लायव्हीलसमोर बसवलेला असतो, म्हणजे तापणाऱ्या आणि तेल-चिखल उडणाऱ्या जागी. दोन वायरींचा सेन्सर बहुधा चुंबक आणि बारीक तारेचे वेटोळे असतो. तापल्यावर तार प्रसरण पावते आणि आतला सूक्ष्म तुटवा उघडतो. थंड झाल्यावर तो पुन्हा मिटतो. या प्रकाराचा रोध मल्टीमीटरने मोजता येतो. तो पुष्कळदा काही शे ओहमांपासून हजार-दीड हजार ओहमांपर्यंत असतो, पण अचूक आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावा. थंड असताना बरोबर आणि अडलेल्या वेळी अनंत, असे वाचन मिळाले तर शंकेला जागा उरत नाही. तीन वायरींचा सेन्सर बहुधा हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेला असतो. त्याचा रोध मोजून काहीही सिद्ध होत नाही, आणि चुकीच्या पिनांवर मीटर लावल्यास तो बिघडूही शकतो. तेथे स्कॅनरवरचा आरपीएमच खरा साक्षीदार.

खेडला मी जे केले ते सोपे होते. स्कॅनरवर आरपीएम शून्य दिसत होते. चावी काढून घेतली, हात पोहोचेल अशा जागी असलेल्या सेन्सरवर पाण्यात भिजवून पिळलेले फडके पाच मिनिटे दाबून ठेवले, फडके बाजूला केले आणि सेल्फ मारला. आरपीएम दिसू लागले आणि गाडी सुरू झाली. एरवी तिला पाऊण तास लागत असे. एकदा असे होणे हा योगायोग असू शकतो, म्हणून परतीच्या प्रवासात त्याच प्रकारे पुन्हा करून पाहिले आणि तोच निकाल आला; सेन्सर बदलायचा हे त्यानंतर ठरवले. हे करताना इंजिन बंद, चावी खिशात आणि हात सायलेन्सरच्या नळ्यांपासून दूर असावेत. सेन्सर दिसत नसेल किंवा हात पोहोचत नसेल तर ही चाचणी सोडून द्यावी. नवा सेन्सर घेताना गाडीच्या कंपनीचा किंवा तिला मूळ पुरवठा करणाऱ्याचाच घ्यावा. स्वस्त नकली सेन्सर उष्णतेत लवकर दगा देतात आणि मग निदानच चुकले होते की काय, असे वाटू लागते. जुना काढल्यावर त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस आणि कप्लरमधील तेल किंवा हिरवट गंज जरूर पाहावा. कधी दोष सेन्सरचा नसतो, तेवढ्या मळाचा असतो.

पंप, रिले आणि पेट्रोल

आरपीएम दिसत आहेत, पण इंजिन पेटत नाही आणि पंपाची गुणगुणही ऐकू आलेली नाही, अशा वेळी आधी फ्यूज पाहावा, मग पंपाचा रिले काढून त्याच क्रमांकाचा सुटा रिले लावावा. हॉर्नचा रिले पुष्कळ गाड्यांत तसाच असतो, पण झाकणावरचा क्रमांक व पिनांची रचना जुळल्याखेरीज अदलाबदल करू नये. रिले बदलताच गाडी सुरू झाली, तर जुना रिले परत लावून गाडी पुन्हा अडते का तेही पाहावे. कारण काढण्या-घालण्यात सॉकेटच्या सैल पिना घट्ट बसून दोष तात्पुरता मिटतो आणि श्रेय नव्या रिलेला मिळते.

रिले ठीक असेल, तर मागची सीट उचलून पंपाच्या कप्लरवर टेस्ट लॅम्प लावावा. दिवा प्रकाशमान होतो आणि पंप मुका राहतो, तर पंप किंवा त्याची अर्थिंग दोषी आहे. अशा वेळी टाकीच्या तळाला रबरी हातोड्याने किंवा मुठीने हलका ठोका दिल्यावर पंप चालू झाला, तर त्याच्या मोटरचे ब्रश झिजलेले आहेत आणि तो लवकरच कायमचा थांबेल. पेट्रोलची नळी मात्र नवख्याने उघडू नये. आत दाब असतो, तापलेले इंजिन शेजारी असते आणि आगीला एवढे पुरते. दाबाचा मीटर मिस्त्रीकडूनच लावून घ्यावा.

महाराष्ट्रात सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांना येथे थोडे थांबवून सांगावेसे वाटते. थेट सीएनजीवर सुरू होणाऱ्या काही नव्या गाड्या सोडल्या, तर बहुतेक सीएनजी गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जातात. बचतीच्या हिशेबात पेट्रोलचा काटा महिनोन् महिने तळाशी ठेवला जातो. टाकीतला पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे कोरड्या टाकीत तो तापून झिजतो. शिवाय उरलेले थोडे पेट्रोल शिळे होते आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोल ओलही शोषते. चढावर उभ्या केलेल्या अशा गाडीत पेट्रोल एका बाजूला सरून पंप हवा ओढतो, आणि सपाटीवर आणताच गाडी सुरू होते. टाकी निदान पाव भरलेली ठेवून दोष येतो का, हे पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी आहे.

सकाळी लांबलचक सेल्फ मारावा लागतो, पण चावी तीन वेळा ‘ऑन-ऑफ’ करून मग सेल्फ मारला तर गाडी चटकन उचलते, असे आढळल्यास नळीतला दाब रात्रीतून उतरत आहे. पंपातील झडप, दाब राखणारा रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर, यांपैकी कोण दोषी हे मिस्त्री दाबाचा मीटर लावून सांगू शकेल. फोर्ड आणि फियाटच्या बऱ्याच गाड्यांमध्ये धडकेच्या वेळी पेट्रोल बंद करणारा स्विच असतो, आणि मोठ्या खड्ड्याच्या हादऱ्यानेही तो सुटू शकतो. मॅन्युअलमध्ये त्याची जागा शोधून, पेट्रोल गळत नाही याची खात्री करून, तो परत दाबावा.

पेट्रोल जास्त झाले असेल तर

पेट्रोलचा उग्र वास येत असेल, तर प्लग भिजलेले असण्याची शक्यता आहे. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि दहा सेकंदांपर्यंत सेल्फ मारावा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत या स्थितीत ईसीयू इंजेक्टर बंद ठेवतो आणि आत साचलेले पेट्रोल हवेबरोबर निघून जाते. इंजिन अडखळत उचलले की पाय हळूहळू सोडावा. हा उपाय वारंवार करावा लागत असेल तर पाण्याच्या तापमानाच्या सेन्सरकडे पाहावे. तापलेल्या इंजिनाला तो उणे अंशांचे थंड इंजिन म्हणून कळवू लागला, तर ईसीयू वारेमाप पेट्रोल सोडतो. रात्रभर थंड झालेल्या गाडीत स्कॅनरवर पाण्याचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळजवळ सारखे दिसले पाहिजे. पुण्यातल्या सकाळी हवा २२ अंश आणि पाणी उणे ३० अंश दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर तुटलेली आहे.

आरपीएम आहे, पंप चालतो, पण पेट्रोलचा वास येऊनही इंजिन पेटत नाही, तेथे ठिणगी तपासावी लागते. ती तपासण्यासाठी दुकानात मिळणारा स्पार्क टेस्टर वापरावा. वायर हातात धरून ठिणगी पाहण्याची जुनी रीत आजच्या कॉइलसाठी आणि माणसासाठीही धोक्याची आहे, कारण तेथे दाब हजारो व्होल्टचा असतो.

वायरिंग, अर्थिंग आणि उंदीर

सेल्फ फिरतो म्हणजे बॅटरी चांगली, हा समज अर्धाच खरा आहे. स्वस्थ बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारताना ती ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. त्याखाली गेल्यास सेल्फ फिरेल, पण ईसीयू मध्येच बंद-चालू होऊ शकेल. मल्टीमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खांबाला आणि दुसरे इंजिनाच्या कोऱ्या धातूला लावून सेल्फ मारावा. वाचन अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेले, तर अर्थिंगची पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी ही तपासणी पावसाळ्यानंतर दर वर्षी करावी.

सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात, हे आता सर्वांना ठाऊक आहे. पण वायर पूर्ण न तुटता दोन-तीन तारांवर टिकून राहते तेव्हा दोष अधूनमधूनच येतो. बॅटरीमागे, एअर फिल्टरखाली आणि इंजेक्टरच्या वायरिंगवर लेंड्या व दातांच्या खुणा शोधाव्यात. इंजिन चालू असताना, फिरणाऱ्या पट्ट्यांपासून दूर राहून, एकेक कप्लर आणि वायरींचा गुच्छ हलकेच हलवावा. एखादी वायर हलवताच इंजिन अडखळले किंवा बंद पडले, तर जागा सापडली.

डिझेल गाडीत ठिणगीचा प्रश्नच नसतो. तेथे तापलेली गाडी अडत असेल तर कॉमन रेलमधील, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीतील, दाब स्कॅनरवर पाहावा. सेल्फ मारताना तो सुमारे २०० बारच्या वर गेला नाही, तर बहुतेक इंजिने इंजेक्टर उघडत नाहीत. झिजलेले इंजेक्टर, नळीत शिरलेली हवा आणि फिल्टरमधील पाणी ही नेहमीची कारणे. डिझेल गाडीत सुरू होण्यासाठी कोणताही ज्वालाग्राही स्प्रे मारू नये.

मिस्त्रीशी बोलताना

वही आणि चित्रण घेऊन जावे आणि ‘गाडी कधीकधी सुरू होत नाही’ असे मोघम सांगण्याऐवजी ‘तापलेल्या इंजिनावर वीस मिनिटांनी अडते, त्या वेळी पंप वाजतो, आरपीएम शून्य असतात’ असे सांगावे. चांगला मिस्त्री अशा वाक्याने खूश होतो, कारण त्याचे अर्धे काम झालेले असते. तो एखादा भाग बदलायचा म्हणाला, तर तो भाग दोषी असल्याचे कोणत्या चाचणीत दिसले, हे नम्रपणे विचारावे. दोष त्याच्यासमोर येत नसेल, तर गाडी एक-दोन दिवस त्याच्याकडे ठेवून, आपल्या नोंदीतली परिस्थिती त्याला निर्माण करू द्यावी. काढलेला जुना भाग मागून घ्यावा.

दुरुस्तीनंतर गाडी एकदा सुरू झाली याला काही अर्थ नाही. ज्या परिस्थितीत ती अडत असे तीच पुन्हा मुद्दाम आणावी: तेवढेच अंतर, तेवढाच चढ, बंद केल्यावर तेवढीच मिनिटे. पूर्वी पाचपैकी तीन वेळा अडत असेल, तर निदान दहा वेळा न अडता सुरू होईपर्यंत स्कॅनर डिकीत आणि वही डॅशबोर्डच्या खणात राहू द्यावी. नवा सेन्सर बसवल्यानंतर मी कशेडी उतरून खेडला चहासाठी बारा फेऱ्यांत बारा वेळा थांबलो, प्रत्येक वेळी बरोबर वीस मिनिटांनी चावी फिरवली, आणि तेराव्या फेरीला नोंद करणे थांबवले.